साने गुरुजी आणि वाचकांचे अश्रू

मराठीत असे एक पुस्तक आहे की, ते वाचताना आपले डोळे भरून आले होते हे सांगायला एरवी कठोर समजली जाणारी माणसेही संकोच करीत नाहीत. ‘श्यामची आई’ हे ते पुस्तक होय. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून मराठी घरांतून व शाळांतून त्याचे वाचन कधी खंडित झाले नाही. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळाले. २०२३ मध्ये तीच कथा पुन्हा एकदा पडद्यावर आली. लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षे उलटल्यामुळे २०११ पासून हे पुस्तक छापण्याची सर्वांना मुभा मिळाली.

तथापि, या पुस्तकावर एक आक्षेप फार पूर्वीपासून घेतला जात आहे. हे पुस्तक रडवे आहे, त्याचा लेखक भाबडा होता, आणि कोवळ्या वयात असे वाचन झाले की मुले मनाने हळवी, पर्यायाने दुबळी होतात, असा हा आक्षेप आहे. शिक्षकांच्या खोलीत, महाविद्यालयाच्या आवारात आणि कचेरीतील मधल्या सुट्टीत तो आजही ऐकू येतो. साने गुरुजींचे नाव काढताच ओठांवर येणारे किंचित हसू हेही त्याचेच एक रूप आहे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुस्तक वाचून आलेल्या अश्रूंचे पुढे काय होते, हा साहित्याच्या अभ्यासातील मूलभूत प्रश्न आहे, आणि गुरुजींच्या बाबतीत त्याचे उत्तर पुस्तकाबाहेर, त्यांच्या आयुष्यातही शोधावे लागते.

पालगडचा मुलगा

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या पालगड या गावी झाला. घराणे खोताचे. आजोबांच्या काळी घरात सुबत्ता होती. परंतु वडिलांच्या हाती कारभार येईपर्यंत ती ओसरू लागली होती. भाऊबंदकी, कोर्टकचेऱ्या आणि वाढते कर्ज यांनी हे घर हळूहळू पोखरून काढले. खोताचे नाव राहिले आणि खोताचे वैभव गेले. कोकणातील कितीतरी मध्यम स्थितीतील कुटुंबांच्या वाट्याला त्या काळी हेच आले. वरून अब्रूदार आणि आतून रिकाम्या झालेल्या अशा घराचा सगळा भार ज्या बाईच्या शिरावर पडला, त्या यशोदाबाई म्हणजे पांडुरंगाच्या आई.

शिक्षण घ्यायचे तर गाव सोडणे भाग होते. दापोलीच्या मिशन शाळेत काही वर्षे काढल्यावर घरून खर्च झेपेना. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची व जेवणाची सोय होते असे कानावर आले, म्हणून हा मुलगा औंधला गेला. तेथे हाल सोसले. पण प्लेगची साथ आली आणि विद्यार्थ्यांना गाव सोडावे लागले. पुढे पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात त्याने नाव घातले. पोटाला चिमटा घेऊन शिकणे हा त्या काळच्या गरीब विद्यार्थ्याचा नित्याचा अनुभव होता. पांडुरंगाचा अनुभव त्याहून वेगळा नव्हता. १९१७ साली आई आजारी पडली आणि गेली. आजारात पुरेसे औषधपाणी झाले नाही, आणि अखेरच्या क्षणी मुलगा तिच्याजवळ नव्हता. ही खंत त्याला आयुष्यभर सोडून गेली नाही. ‘श्यामची आई’चा उगम शोधायचा तर तो येथे शोधावा लागतो.

पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात, म्हणजे पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झालेल्या संस्थेत, त्यांचे उच्च शिक्षण झाले. एम. ए. झाल्यावर खानदेशातील अमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिरात ते अभ्यासासाठी गेले. पण केवळ ग्रंथांच्या सहवासात त्यांचे मन रमले नाही. १९२४ मध्ये त्यांनी अमळनेरच्याच प्रताप हायस्कुलात शिक्षकाची नोकरी पत्करली. शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारीही लवकरच त्यांच्याकडे आली.

वसतिगृहातील सहा वर्षे

गुरुजींच्या लेखणीला वळण लागले ते या वसतिगृहात. घरापासून दूर आलेली ही खेड्यापाड्यांतील मुले. आपण स्वतः ज्या एकटेपणातून गेलो, तेच त्यांना त्या मुलांच्या चेहऱ्यांवर दिसले असले पाहिजे. मुले शाळेत गेली की हा शिक्षक त्यांची अंथरुणे नीट करून ठेवी, त्यांच्या खोल्या झाडी, कंदिलाच्या काचा पुसून ठेवी. कोणाला काही न सांगता केलेल्या या कामाचा परिणाम शिक्षेपेक्षा अधिक झाला. ओशाळलेली मुले आपली कामे आपण करू लागली.

याच मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. दिवसभर शिकवायचे, रात्री जागून अंक लिहून काढायचा आणि सकाळी तो मुलांपुढे ठेवायचा, असा क्रम चालू राहिला. पुढे त्यातूनच ‘विद्यार्थी’ हे छापील मासिक निघाले. गुरुजींची पुढची भाषा समजून घ्यायची तर हे दैनिक लक्षात ठेवले पाहिजे. विद्वानांच्या सभेपुढे वाचण्यासाठी त्यांनी लिहिले नाही. समोर बसलेल्या, नावानिशी ठाऊक असलेल्या मुलांसाठी लिहिले. त्यामुळे त्या लेखनात बोलण्याची लय आली, छोटी वाक्ये आली आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत सांगण्याची पद्धत आली. साहित्यशास्त्राच्या कसोट्यांवर हे लेखन कधी कमी भरेल. पण वाचणाऱ्याशी जोडलेले नाते त्यात कधी तुटत नाही.

१९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. गुरुजींनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते सत्याग्रहात उतरले. त्यानंतरच्या आयुष्यातील बरीच वर्षे तुरुंगात गेली. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक ही त्यांच्या कारावासाची ठिकाणे. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात निरनिराळ्या प्रांतांतील राजबंद्यांच्या सहवासात दाक्षिणात्य भाषांची ओढ त्यांना लागली, आणि तमिळमधील ‘कुरळ’ पुढे त्यांनी मराठीत आणला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा भाव्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारी झालेली ही अठरा प्रवचने ऐकता ऐकता उतरून घेण्याचे काम गुरुजींनी केले. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ भारतातील अनेक भाषांत गेला, त्याच्या मुळाशी भरभर चालणारा हा हात होता.

नाशिकच्या कोठडीतील पुस्तक

नाशिकच्या तुरुंगात असताना, फेब्रुवारी १९३३ मध्ये, ९ तारखेपासून १३ तारखेपर्यंतच्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतांश भाग लिहून झाला. दिवसा तुरुंगाचे काम आणि रात्री व पहाटे लेखन. पाच दिवसांत पुस्तक लिहिले जाते याचे आश्चर्य वाटते खरे. पण ते लिहिण्यापूर्वी सोळा वर्षे मनात साठत होते हे विसरता कामा नये. पुस्तकाची मांडणी अगदी साधी आहे. एका आश्रमात प्रार्थनेनंतर श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. पुस्तकाच्या प्रस्तावनेत गुरुजींनी आपली अपेक्षाही लपवलेली नाही. आपले अंतःकरण या आठवणी लिहिताना भरून आले, तसे वाचणाऱ्याचेही भरून यावे, एवढेच मागणे त्यांनी मागितले आहे. कलात्मक यशाची अपेक्षा त्यात नाही.

मग या पुस्तकात वाचकाला हलविणारे नेमके काय आहे? घटना पाहिल्या तर त्या क्षुल्लक म्हणाव्यात अशा आहेत. न्हाऊन आलेल्या मुलाला पायाला माती लागू नये असे वाटते आणि आई आपले वस्त्र त्याच्या पायांखाली पसरते. पायांना जपतोस तसेच मनालाही जप, असे मग सांगते. भाजीत मीठ घालायचे राहून जाते आणि वडील ती अळणी भाजी काही न बोलता खातात. मुलगा खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून आणतो. पोहायला घाबरून लपलेल्या मुलाला आई फोक घेऊन बाहेर काढते. यात ना युद्ध, ना प्रणय, ना कारस्थान. त्या काळच्या लोकप्रिय कादंबरीत जे जे असे, त्यातील काहीच नाही.

तरीही वाचक रडतो, याचे एक कारण बहुधा असे की हे पुस्तक ज्याच्या हाती पडले तो वाचक स्वतःच श्याम होता. शिक्षणासाठी गाव सोडून तालुक्याच्या, जिल्ह्याच्या ठिकाणी गेलेली, मास्तर झालेली, कचेरीत कारकून म्हणून चिकटलेली ही पिढी होती. आपल्या फीसाठी घरात काय विकले गेले, आपल्याला पोळी मिळावी म्हणून कोणी अर्धपोटी राहिले, हे तिला ठाऊक होते. पण ते बोलून दाखविण्याची आपल्या घरांत रीत नव्हती. पगार सुरू झाला तोवर पुष्कळांची आई थकली होती, काहींची नव्हतीच. न फेडलेल्या ऋणाची ही जाणीव मनात मुकी पडून होती. गुरुजींच्या पुस्तकाने तिला शब्द दिले. म्हणजे हे अश्रू केवळ कल्पित आईसाठी नव्हते. पुस्तकाने वाचकाच्या स्वतःच्या आयुष्यातील एक बंद दार उघडले, आणि आत जे होते ते बाहेर आले.

चांगल्या पुस्तकाचे भावनिक सामर्थ्य असेच काम करते. नवे दुःख ते क्वचितच निर्माण करते. आपण ज्याकडे पाठ फिरवून जगत असतो त्याच्याकडे तोंड वळवायला ते भाग पाडते. शब्दांतून सांगितलेली गोष्ट असो, पडद्यावरची असो, की हल्ली मुले आवडीने वाचतात ती चित्रकादंबरी असो, त्या सर्वांना ही कसोटी लागू पडते.

अश्रूंपलीकडचे

पण आक्षेपक येथेच थांबवतील आणि म्हणतील की, रडून मन हलके झाले, पुढे काय? हा प्रश्न रास्त आहे. भावना उचंबळून येणे हा एक प्रकारचा विलासही असू शकतो. पुस्तक मिटले, डोळे पुसले आणि माणूस पूर्वीसारखाच वागू लागला, असे पुष्कळदा घडते. त्या वर्षांत मराठीत ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा वाद ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या निमित्ताने जोरात चालला होता. गुरुजी त्या वादात पंडितांप्रमाणे उतरले नाहीत. पण त्यांनी आपल्या आयुष्याने जे उत्तर दिले, ते वादातील कोणत्याही उत्तरापेक्षा कमी महत्त्वाचे नाही.

‘श्यामची आई’ पुन्हा एकदा नीट उघडून पाहावे. त्यात वात्सल्य आहे तसे कर्जही आहे. श्यामच्या आईला कोणा दैवी संकटाने मारले नाही. सावकाराच्या वसुलीने, जप्तीने, अपमानाने आणि औषधावाचून राहिलेल्या तापाने तिला मारले. वसुलीला आलेल्या माणसाचे हीन बोलणे तिला स्वतःच्या दारात ऐकून घ्यावे लागते, हा त्या पुस्तकातील सर्वांत दाहक प्रसंग आहे. आपण आईच्या मायेची पाने लक्षात ठेवली आणि कर्जाची पाने विसरून गेलो, हा वाचकांचा दोष आहे. लेखकाने ती पाने तितक्याच तळमळीने लिहिली आहेत.

लेखक स्वतः ती विसरला नाही. तुरुंगातून सुटल्यावर गुरुजी खानदेशातील शेतकऱ्यांत वावरू लागले. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, त्यासाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली. पिके बुडाल्यावर सारा माफ व्हावा म्हणून शेतकऱ्यांना संघटित केले, गिरणी कामगारांच्या प्रश्नांत लक्ष घातले आणि १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक चालविले. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत राहून काम करीत होते. पुढे पकडले गेले. आपल्या आईचे जे झाले ते दुसऱ्या कोणाच्या आईचे होऊ नये, हा या साऱ्या धडपडीचा सरळ अर्थ आहे.

याच पुस्तकातील आणखी एक प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एका म्हाताऱ्या अस्पृश्य बाईच्या डोक्यावरची मोळी खाली पडते आणि ती उचलून द्यायला कोणी पुढे होत नाही. श्यामची आई मुलाला मदतीला पाठविते. मात्र त्यानंतर स्नान करण्याचा संकेत ती मोडत नाही. आजच्या वाचकाला ही करुणा अपुरी वाटेल, आणि ती अपुरी होतीच. रूढीच्या चौकटीत राहून जेवढे करता येईल तेवढे त्या माउलीने केले. प्रश्न असा की, तिच्या मुलाने पुढे काय केले?

त्याचे उत्तर पंढरपूरला मिळाले. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी गुरुजींनी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासह महीनेमहीने महाराष्ट्राचा दौरा केला, गावोगावची मंदिरे व विहिरी खुल्या करण्याचा प्रचार केला, आणि अखेर १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण आरंभिले. दहा-अकरा दिवसांनंतर मंदिर खुले करण्याचे मान्य झाले व उपोषण सुटले. मंदिरप्रवेशाने दलितांचे दारिद्र्य हटत नाही, ही टीका त्या वेळी झाली आणि ती खोटी नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्येच येवल्याला धर्मांतराची घोषणा करून मंदिरप्रवेशाचा मार्ग मागे टाकला होता. पण गुरुजींचे उपोषण प्रामुख्याने सवर्णांच्या मनाशी होते. ज्या देवाला माउली म्हणून हाक मारली जाते, त्याच्या दारात काही लेकरांना मज्जाव असावा, ही विसंगती त्यांना सहन होत नव्हती. मोळी उचलून देऊन घरी स्नान करणाऱ्या श्यामने पुढे ते स्नानच निरर्थक ठरविले. पुस्तकातला अश्रू कृतीपर्यंत कसा पोचतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठीत शोधून सापडणार नाही.

हळवेपणाची किंमत

येथपर्यंतचे चरित्र वाचून गुरुजींचा हळवेपणा हे त्यांचे बळ होते असा निष्कर्ष निघतो, आणि तो बरोबर आहे. पण तेवढाच सांगून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातला निघाला, याचा आघात गुरुजींना असह्य झाला. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. निरनिराळ्या प्रांतांतील तरुणांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य वाचावे, म्हणजे दुसऱ्याचे सुखदुःख आपले वाटू लागेल, हा त्यामागचा विचार. पुस्तकांनी माणसे जोडली जातात, या त्यांच्या जन्मभराच्या श्रद्धेचे हे राष्ट्रव्यापी रूप होते. जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’वरून त्यांनी मुलांसाठी ‘मनूबाबा’ लिहिले, बायकांच्या तोंडच्या हजारो ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले, या कामांच्या मुळाशीही तीच श्रद्धा होती.

परंतु स्वातंत्र्यानंतर जे स्वप्न साकार होईल असे वाटले होते ते दूर सरकताना दिसत होते. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपल्या हाताने आपली जीवनयात्रा संपविली. वयाला एक्कावन्न वर्षेही पूर्ण झाली नव्हती. या मृत्यूची कारणे अनेकांनी अनेक परींनी सांगितली आहेत. निश्चित एवढेच म्हणता येते की, जगाचे दुःख ज्या सहजतेने या माणसाच्या मनात शिरत असे, त्या सहजतेने ते बाहेर जात नसे. या घटनेचे उदात्तीकरण करणे चूक आहे. आयुष्यभर मुलांना धडपडायला सांगणाऱ्या माणसाचे अनुकरण करायचे तर ते त्याच्या धडपडीचे करावे. इतरांची दुःखे हलकी करणाऱ्या संवेदनशील माणसालाही कोणाच्या तरी आधाराची गरज असते, आणि त्याच्या भोवतालच्या समाजाने ती वेळेवर ओळखायला हवी, एवढा बोध यातून घेतला तरी पुष्कळ झाले.

मात्र या अखेरीवरून त्यांच्या साहित्याला दुबळेपणाचा शिक्का मारणे हा तर्कदोष आहे. नोकरी सोडणारा, वर्षानुवर्षे तुरुंगात राहणारा, सनातन्यांच्या रोषाला तोंड देत पंढरपूरच्या दारात प्राण पणाला लावणारा माणूस दुबळा नव्हता. त्याच्या पुस्तकांवर वाढलेली मुलेही दुबळी निघाली नाहीत. सेवा दलात, स्वातंत्र्यलढ्यात, पुढे शाळाशाळांतून आणि समाजकार्यात त्यांनी आयुष्ये वेचली, याची साक्ष महाराष्ट्राचा इतिहास देतो.

शाळेतील गुरुजी

आणखी एक प्रश्न आजच्या वाचकांकडून, विशेषतः स्त्रियांकडून, विचारला जातो. सर्व सोसणारी, स्वतःसाठी काही न मागणारी ही आई आदर्श म्हणून पुढे ठेवल्याने स्त्रीवर त्यागाचे ओझे लादले जात नाही काय? हा प्रश्न टाळू नये. श्यामची आई ही तिच्या काळाच्या मर्यादेत वाढलेली स्त्री आहे. तिचे सोसणे हा नियम म्हणून शिकविला तर तो अन्याय होईल. पण हेही ध्यानात घ्यावे की गुरुजींनी हे पुस्तक मुलींनी आईसारखे सोसावे म्हणून लिहिलेले नाही. सोसणारीकडे मुलाने डोळे उघडून पाहावे म्हणून लिहिले आहे. ते पुस्तक मुलग्याच्या पश्चात्तापाचे आहे. घरात कोण शेवटी जेवते, कोणाचे दुखणे अंगावर काढले जाते, हे मुलग्यांच्या लक्षात यावे एवढे जरी त्याने साधले, तरी समतेच्या दृष्टीने ते काम लहान नाही.

खेदाची गोष्ट अशी की आपल्या शाळांनी या पुस्तकाचे रूपांतर संस्काराच्या एका ठरावीक साच्यात करून टाकले आहे. प्रसंग वाचायचा, तात्पर्य लिहायचे, जयंतीला भाषणस्पर्धा घ्यायची, बक्षीस वाटायचे. आईचे ऐकावे, खरे बोलावे, एवढ्या दोन वाक्यांत बेचाळीस रात्री आटोपल्या जातात. गुरुजींना शिक्षक म्हणून हे मुळीच रुचले नसते. अमळनेरच्या वसतिगृहात त्यांनी तात्पर्ये सांगितली नाहीत. मुलांच्या कंदिलाच्या काचा पुसल्या.

हे पुस्तक वर्गात वाचणाऱ्या शिक्षकाला करण्यासारखे एक काम आहे. मोळीचा प्रसंग वाचून झाल्यावर, आपल्या गावात आज कोणाची मोळी कोणी उचलत नाही, हे मुलांना विचारावे. वसुलीचा प्रसंग वाचल्यावर, कर्ज कसे वाढते, व्याज कसे चढते, आणि आपल्या राज्यात कर्जापायी शेतकरी जीव का देतात, याची चर्चा करावी. आईच्या मृत्यूचे पान आले की, गावातले दवाखाने किती दूर आहेत, हे मोजायला लावावे. मुले रडली तर त्यांना रडू द्यावे. वर्गात एखाद्या मुलाचा कंठ दाटून आला तर इतरांनी हसावे असे वातावरण असेल, तर तो दोष पुस्तकाचा नाही. पण रडून झाल्यावर त्यांना त्या अश्रूंचे कारण शोधायला शिकवावे.

ज्या समाजात भावना व्यक्त करणे हे हसण्यावारी नेले जाते, त्या समाजात दुसऱ्याचे दुःख दिसण्याची शक्तीही हळूहळू क्षीण होते. वर्तमानपत्रातील बातमी वाचून पान उलटणे सोपे असते. पुस्तकातले पान मात्र एकदा मनात उतरले की उलटता येत नाही. पालगडच्या एका कर्जबाजारी घरातील बाईचे दुःख नव्वद वर्षांनंतरही लाखो घरांतून जिवंत राहिले, ते तिच्या मुलाने लिहिलेल्या पुस्तकामुळे. त्या दुःखाला स्मारकाप्रमाणे हार घालायचा, की त्याच्या कारणांशी झुंजायचे, याचा निर्णय गुरुजींनी आपल्यापुरता केला होता. त्यांच्या वाचकांनी तो आपापल्या घरात, वर्गात आणि कचेरीत अजून करायचा आहे.